अर्ध्या माणसाचा सत्कार

अतुल गद्रेचा फोन गुरुवारी संध्याकाळी आला होता. शनिवारी दुपारी आमटीला फोडणी देईपर्यंत नीनानं ती गोष्ट कुणालाही सांगितली नव्हती.

वेळ मिळाला नाही असं म्हणायलाही जागा नव्हती. शुक्रवारी तिचा नवरा संजय घरूनच काम करत होता, दिवसभर तिच्या डोळ्यांसमोर होता. तिनं एकदा तोंड उघडलंसुद्धा, पण तेवढ्यात त्याचा बेसिंगस्टोकच्या ऑफिसातून कॉल सुरू झाला. मग मँचेस्टरहून सासऱ्यांचा फोन. ईशिता उद्या सकाळीच गाडी घेऊन येतेय, आम्ही निघतोच, कोट ड्रायक्लीन करून आणलाय, आणि भाषणात मंडळाचे आभार आधी मानायचे की शेवटी?

“शेवटी माना, आप्पा,” असं म्हणून तिनं फोन ठेवला होता.

इथल्या मराठी मंडळाची सेक्रेटरी ती होती. सासऱ्यांच्या सत्काराची कल्पनाही तिचीच. मिल्टन कीन्समध्ये एवढी मराठी माणसं राहतात आणि आपल्यातलाच एक माणूस तरुणपणापासून इथल्या स्टेजवर आणि टीव्हीवर काम करतोय, हे त्यातल्या निम्म्यांच्या गावीही नाही, असं तिनं कमिटीपुढे सांगितलं तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. सगळ्यात मोठी टाळी अध्यक्षांची, अतुलची.

बाहेरच्या खोलीत शशिकांत सोफ्याच्या कडेला बसून नातीला आपलं ताजं मरण समजावून सांगत होते. साठी उलटल्यापासून टीव्हीवर ते बहुतेक मरतच आले होते. कुणाचे तरी वडील, कुणाचा तरी दुकानदार शेजारी, हॉस्पिटलच्या मालिकेतला कोपऱ्यातला पेशंट. चौऱ्याऐंशीव्या वर्षी त्यांना अजून काम मिळत होतं ते या मरण्यावरच.

“या वेळी स्ट्रोक होता,” ते म्हणत होते. “हार्ट अटॅक सोपा गं. छातीवर हात नेला की झालं. स्ट्रोकमध्ये माणसाला आधी कळतच नाही. तो चहाचा कप उचलायला जातो आणि कप काही हातात येत नाही. मग त्याला कपाचाच राग येतो. मी कपावर चिडलो. डायरेक्टर बाई म्हणाली, व्हेअर डिड यू गेट दॅट? मी म्हटलं, सोलापूरला आमच्या मिलमध्ये एक जॉबर, मुकादम आमचा, असाच गेला.”

“आजोबा, तुम्ही प्रत्येक मेलेल्या माणसाला वापरता,” ईशिता म्हणाली.

“मग? फुकट मरू द्यायचं?”

नीनानं आमटी टेबलावर नेऊन ठेवली. सगळे बसले. मधुमतीबाईंनी नवऱ्याच्या ताटात भात वाढला, त्यांना लागतो तेवढाच. ते दोन घास जेवले आणि त्यांनी सहज विचारलं, “उद्या ईशाची फिल्म आधी दाखवणार, की माझं बोलणं आधी?”

आता मागं सरायला वाट उरली नव्हती.

“आप्पा, उद्याचं जरा बदललंय,” नीना म्हणाली. “कमिटीनं फिल्म पाहिली. त्यातला तो प्रोफेसर पोपटचा भाग काही जणांना ऑफेन्सिव्ह वाटला. प्रोग्रॅमला मुलं असणार, एक इंग्लिश पाहुण्याही यायच्यात. सत्कार सध्या पुढे ढकलू या, असं म्हणाले.”

“सध्या म्हणजे कधीपर्यंत?” शशिकांतांनी अगदी नम्रपणे विचारलं. “माझ्याकडे फार तारखा नाहीत.”

“हे कधी ठरलं?” संजयनं विचारलं.

“गुरुवारी.”

“आणि तू आज सांगतेस? हे दोघं इथं येऊन जेवायला बसल्यावर?”

“मला वाटलं मी अतुलला समजावीन. मी फोनवर विरोधात मत दिलं, संजय. मी एकटी होते.”

“विरोधात मत देऊन तू गप्प बसलीस आणि आप्पांना सांगितलंस, आभार शेवटी माना.”

नीनानं फडकं उचललं. ती फडक्यानं टेबलाची स्वच्छ असलेली कड पुसत राहिली.

* * *

ईशिताच्या कानात तो एक शब्द अडकला होता. ऑफेन्सिव्ह. तो तिचाच शब्द होता.

मँचेस्टरमधल्या एका शाळेत ती ड्रामा शिकवायची. सत्कारासाठी आजोबांच्या कामाची फिल्म करायचं ठरलं तेव्हा तिनं त्यांना सरळ सांगितलं होतं की पोपट ऑफेन्सिव्ह आहे, तो घेणार नाही. दुकानदार घेते, जज घेते, सगळी मरणं घेते, पोपट नाही. त्यावरून दोघांचं जोरात वाजलं होतं. आजोबा खुर्चीतून उठून म्हणाले होते, “मला सोडून माझी फिल्म करतेस?”

सोलापूरच्या मिलमधून ते मँचेस्टरजवळच्या मिलमध्ये आले ते साठच्या दशकात. सोलापुरात गणपतीच्या मेळ्यांत विनोदी सोंगं काढायचे. इथं मिलच्या क्लबात शनिवारी रात्री कुणीही स्टेजवर चढून काहीतरी करून दाखवायचं, तसे तेही चढले. लोक हसले. मग एका व्हरायटी कंपनीनं त्यांना उचललं. एक गाणारी, एक जादूगार, कुत्र्यांचे खेळ करणारं जोडपं आणि हे. कामगारांचे क्लब, समुद्रकाठच्या गावांतली थिएटरं, पुढे टीव्हीवरचे व्हरायटी शो. फेटा, शेपटीचा काळा कोट आणि हातात छत्री : हात बघून भविष्य सांगणारा प्रोफेसर पोपट.

ईशितानं एका संग्राहकाकडून तो अख्खा खेळ मिळवला आणि पाहिला. सुरुवातीला पोपट मान डोलावतो, वेडंवाकडं इंग्लिश बोलतो, आणि लाल जाकिटातला निवेदक त्याची टर उडवतो. तिथंच तिला बंद करावंसं वाटलं होतं. पण पुढे पोपट निवेदकाचा हात हातात घेतो. भविष्य सांगता सांगता निवेदकाचं घड्याळ पोपटाच्या मनगटावर येतं. मग टाय. मग रुमाल. शेवटी निवेदक डोक्यावरचा केसांचा टोपसुद्धा गमावून टकलानं उभा असतो, थिएटर त्याला हसत असतं, आणि पोपट अस्खलित इंग्लिशमध्ये म्हणतो, “सर, मला तुमच्या भविष्यात थोडी थंडी दिसते आहे.”

पहिली दोन मिनिटं ती अजूनही नजर बाजूला वळवूनच काढायची. पण तिनं तो खेळ एकही कट न मारता फिल्ममध्ये घेतला होता.

“मम्मा, त्यांनी शेवटपर्यंत पाहिला का?” तिनं विचारलं.

नीनानं आमटीच्या भांड्यावर झाकण ठेवलं.

“नाही पाहिला! माझा फिल्म आहे तो, मी केला, आणि त्यांनी दोन मिनिटं बघून बंद केला!”

एरवी मधुमतीबाईंनी ‘माझी फिल्म, ती’ असं लगेच सुधारलं असतं. आज त्यांनी ते तसंच सोडून दिलं.

“कमिटी काय चुकीचं म्हणतेय?” संजय म्हणाला.

सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. त्यानं ताट पुढे सरकवलं होतं.

“नीनानं लपवलं ते चूक. पण त्या क्लिपबद्दल ते काय खोटं बोलतायत? मला ती उद्या हॉलमध्ये, माझ्या ओळखीच्या लोकांत बसून बघायची नव्हती. मी दोन आठवडे हेच घोकतोय की काहीतरी होवो आणि ते कॅन्सल होवो.”

“संज्या,” शशिकांत म्हणाले, “तू शेवट विसरतोस. शेवटी लोक कुणाला हसतात ते बघ. त्या काळात, त्या क्लबांत, एका गोऱ्या माणसाला सगळ्यांदेखत बोडका करून उभा करत होतो मी. आणि लोक मला मारायच्या ऐवजी टाळ्या देत होते. ते करून दाखवणारे किती होते?”

“शाळेतली पोरं शेवट करायची नाहीत, आप्पा. ती फक्त मान हलवायची.”

संजयनं पाण्याचा पेला जवळ ओढला.

“टीव्हीवर तुम्ही लागलात की दुसऱ्या दिवशी मी शाळेत जाऊ नये म्हणून पोट दुखतंय म्हणायचो. आई पाठवायचीच. बसमध्ये चढलो की अख्खी बस मान हलवायची. मला संजय कुणी म्हणालंच नाही त्या शाळेत. पोपट. मास्तरसुद्धा.”

“मग त्या मास्तरांवर चीड ना, बाबा!” ईशिता म्हणाली. “आजोबांवर का?”

“कारण मास्तर रात्री माझ्या घरी येऊन जेवत नव्हते.”

शशिकांत काहीतरी म्हणणार होते. त्यांच्या ओठांवर ते आलेलं ईशिताला दिसलं, आणि नक्कीच ती काहीतरी गंमत असणार, हेही तिला कळलं. तेवढ्यात दाराची बेल वाजली.

* * *

अतुल गद्रे मिठाईचा बॉक्स घेऊन आला होता. बूट काढून, वाकून त्यानं काका-काकूंना नमस्कार केला. मधुमतीबाईंनी त्याच्या डोक्याकडे पाहिलं. केस नीट कापलेले, माणूस नीटनेटका, पुण्याचा, इथं येऊन वीसेक वर्षं झालेली. वाईट माणूस नव्हता. त्यांच्या आयुष्यात वाईट माणसांनी त्यांना फार त्रास दिला नव्हताच. दिला होता तो अशाच, वाकून नमस्कार करणाऱ्यांनी.

“काका, मला रात्रभर बरं वाटत नव्हतं,” अतुल म्हणाला. “मी सकाळी कमिटीला परत फोन केले. आपण मार्ग काढलाय. सत्कार उद्याच करायचा. शाल, श्रीफळ, सगळं ठरल्याप्रमाणे.”

“अरे वा,” शशिकांत म्हणाले.

“फक्त फोकस आपण कॅरॅक्टर अॅक्टर म्हणून ठेवू. जजचा रोल, तो सिनेमातला बापाचा रोल, काय ग्रेट काम आहे तुमचं! ईशिताच्या फिल्ममधून तेवढा भाग काढायचा. आणि बोलताना तुम्ही दोन वाक्यं म्हणायची, की सुरुवातीच्या काळात परिस्थितीमुळे आपल्याच लोकांची थट्टा करणारी कामं करावी लागली, त्याचा मला आज खेद वाटतो. बस. तरुण मुलांना ते खूप आवडेल. त्यांना असं कुणी प्रामाणिकपणे बोललेलं हवं असतं.”

“नो वे,” ईशिता म्हणाली.

“दोनच वाक्यं ना?” शशिकांत म्हणाले. “म्हणतो की.”

मधुमतीबाईंनी नवऱ्याकडे वळून पाहिलं. ते खरंच बोलत होते. त्यांच्या चेहऱ्यावर तोच उत्सुक भाव होता, जो काम मिळाल्याचा फोन आला की यायचा.

“अहो, काय बोलताय?”

“त्यात काय एवढं? जन्मभर दुसऱ्यांनी लिहिलेली वाक्यं म्हणत आलो. याहून भिकार म्हटली. खेद वाटतो, हे मी असं म्हणेन की पहिल्या रांगेतल्या बायका रडतील. शिवाय या सुनेला मंडळात तोंड दाखवता येईल. ड्रायक्लीन केलेला कोट घालायला मिळेल.”

“खेद वाटतो का तुम्हाला?”

“मला वाटण्याचा काय संबंध? म्हणायचं आहे फक्त.”

“मी म्हणू देणार नाही,” मधुमतीबाई म्हणाल्या.

त्यांचा आवाज मोठा नव्हता. पण नीनानं हातातला चहाचा ट्रे खाली ठेवला.

“अतुल, तुम्हाला एक सांगते. संजय तेव्हा पहिलीतही नव्हता. मँचेस्टरला आपल्या मंडळींनी गणपती बसवला होता. डॉक्टर होते, इंजिनियर होते, चार-दोन प्रोफेसर. आम्ही मिलवाले. यांना म्हणाले, संध्याकाळी करमणुकीचं काहीतरी करा. हे आठवडाभर रोज आरशापुढे उभे. मराठीतून करायचं म्हणून सगळा खेळ नव्यानं बांधला. सोलापुरी माणूस पहिल्यांदा इंग्लंडला येतो आणि लाँड्रीत हरवतो, असा. मी पुरणपोळ्या केल्या, सगळ्यांना पुरतील इतक्या. आम्ही दोन बस बदलून गेलो. हॉलच्या दारात एक डॉक्टर उभे. खूप शिकलेले, खूप गोड बोलणारे. म्हणाले, शशिकांतराव, जरा गैरसमज झाला. इथं मुलं आहेत, त्यांच्यावर चांगले संस्कार व्हायला हवेत. परवा टीव्हीवर तुम्हाला पाहिलं, असला सोंगाड्या आमच्या गणपतीपुढे बरा दिसणार नाही. तुम्ही बसा ना प्रेक्षकांत. पोळ्या मात्र आत घेऊन गेले.”

“आई, हे तू कधी सांगितलं नाहीस,” संजय म्हणाला.

“यांनी तोंडाला रंग लावला होता. बसमध्ये माझ्या रुमालानं पुसला. पुसताना कंडक्टरला हसवत होते. घरी आल्यावर दोन दिवस बोलले नाहीत.”

शशिकांत खिडकीबाहेर बघत होते.

“काकू, हे फार वाईट झालं,” अतुल म्हणाला. “पण ते वेगळं मंडळ होतं. माझा तर जन्मही झाला नव्हता.”

“मंडळ वेगळं होतं, पण बोलणं हेच. तेव्हा यांच्यामुळे तुमची लाज जात होती, कारण हे फार खालचे. आज लाज जाते, कारण तुम्ही सगळे फार सुधारलात. दोन्ही वेळा कारण चांगलंच, आणि दोन्ही वेळा दारात उभा कोण, तर हा माणूस. आणि आता तुम्ही यांचा चांगला अर्धा तेवढा आत घेणार. पोळ्या आत, माणूस बाहेर! तो जज काय आकाशातून पडला? मरायला कुठं शिकले हे? दारू प्यायलेल्या दोनशे माणसांपुढे उभं राहून शिकले. पोपट नसता तर जज कुठला?”

“काकू, तुमच्या भावना मी समजतो...”

“समजू नका. ऐका फक्त.”

अतुलनं घसा साफ केला. खोलीत आपलं कोण उरलंय ते त्यानं पाहिलं. नीना मान खाली घालून उभी होती. ईशिताकडे बघण्यात अर्थ नव्हता. मग त्याची नजर संजयवर थांबली, आणि त्याच्या चेहऱ्यावर सुटका झाल्यासारखं हसू आलं.

* * *

संजयला ते हसू आवडलं नाही.

“संजय, तूच सांग यांना,” अतुल म्हणाला. “त्या दिवशी बार्बेक्यूला तू मला म्हणाला होतास ना, शाळेत तुला किती बुली केलं ते? तो टॉवेलचा किस्सा? मला झोप लागली नव्हती रे ते ऐकून. मी विचार करत होतो, उद्या काकांनी तेच स्टेजवर सांगितलं तर? की माझ्या कामाची शिक्षा माझ्या मुलाला भोगावी लागली. इट वुड बी सो पॉवरफुल. मग तू वर येऊन त्यांना मिठी मारायची. लोक उभे राहतील.”

आईचं बोलणं ऐकताना संजयच्या मनात गोंधळ चालला होता. आई बरोबर होती, पण म्हणून त्याचा राग खोटा होत नव्हता. कमिटी चूक होती, पण क्लिप बघवत नव्हती. कुठं उभं राहावं हे त्याला कळत नव्हतं. अतुलनं ‘टॉवेल’ म्हटलं आणि ते कळलं.

“ते मी तुला सांगितलं होतं,” तो म्हणाला.

“हो, म्हणूनच...”

“तुला. दोन बिअर झाल्यावर, मित्र म्हणून. मंडळाला नाही.”

“अरे, पण त्यानं तुझीच बाजू मांडली जाईल.”

“माझी बाजू तू मांडायची नाहीस.” संजय उठून उभा राहिला. “मार मी खाल्लाय. आप्पांवर चिडायचा हक्क या जगात एकाच माणसाला आहे, आणि तो मी आहे. तुझ्या कमिटीतल्या एकाला तरी बसमध्ये कुणी पोपट म्हणालं? तुम्ही आलात तोवर इथली पोरं सॉरी म्हणायला शिकली होती. माझा राग घेऊन तुम्ही त्याचा प्रोग्रॅम करताय. वर मिठी कधी मारायची तेही सांगतोस?”

“संजय, यू आर बीइंग अनफेअर. मी सगळ्यांचा विचार करून...”

“आप्पा उद्या येणार नाहीत. अर्धे नाहीत आणि अख्खे नाहीत. खेद वाटायचा असेल तर ते मला सांगतील, माझ्या घरात, कुणी टाळ्या न वाजवता. नाही वाटला तरी मलाच सांगतील. तुझे बूट दारात आहेत.”

अतुल लाल झाला. त्यानं नीनाकडे पाहिलं. “नीना, उद्याचं सूत्रसंचालन तुझं आहे. निदान तू तरी प्रोफेशनली वागशील अशी अपेक्षा आहे.”

नीनानं मिठाईचा बॉक्स टेबलावरून उचलला आणि त्याच्या हातात दिला.

“दुसरं कुणीतरी बघ,” ती म्हणाली. “सेक्रेटरीही बघ. गुरुवारीच हे म्हणायला हवं होतं मी. आणि अतुल, ती फिल्म ईशिताची आहे. त्यातला एक तुकडा जरी उद्या दाखवलात तर मी हॉलमध्ये येऊन प्लग काढीन.”

दार लागल्याचा आवाज आला. बाहेर गाडी सुरू झाली आणि कोपऱ्यावरच्या राउंडअबाऊटकडे वळली. मग शशिकांतांनी हात पुढे केला आणि म्हणाले, “मिठाई तरी ठेवायची होती. सुनबाई, रागाच्या भरात...”

“आप्पा,” संजय म्हणाला.

ते थांबले.

मधुमतीबाईंनी ईशिताचा दंड धरला. “चल, चहा परत करू या,” त्या म्हणाल्या. ईशिताला जायचं नव्हतं हे तिच्या तोंडावर दिसत होतं, पण ती गेली. नीना त्यांच्या मागोमाग गेली आणि जाताना तिनं किचनचं दार लोटून घेतलं.

संजय वडिलांच्या समोर बसला.

“आता माझं ऐका. मध्ये विनोद करायचा नाही.”

“नाही करत.”

“कपडे बदलायच्या खोलीत त्यांनी माझ्या डोक्याला ओला टॉवेल बांधला. फेट्यासारखा. एक छत्री दिली हातात. म्हणाले, कर पोपट, नाहीतर कपडे मिळणार नाहीत. मी केला. सगळा केला, मान, आवाज, हात बघणं. ते हसत होते. मास्तर दारात उभे होते, तेही हसत होते.”

शशिकांतांचे ओठ हलले, पण त्यांनी शब्द पाळला.

“तुम्हाला हे ठाऊक होतं?”

“टॉवेलचं नाही. बाकीचं होतं. तुझी आई सांगायची.”

“तरी तुम्ही गेलात.”

“गेलो.” त्यांनी गुडघ्यावरचे हात उलटे केले आणि तळव्यांकडे पाहिलं. “मिलमध्ये लोक मला हसायचे, बसमध्ये हसायचे, रस्त्यानं चाललो तरी हसायचे. त्यांना हवं तेव्हा. स्टेजवर मी ठरवायचो. आता हसा, आता थांबा. ती वीस मिनिटं सोडून माझ्या हातात काहीच नव्हतं, संज्या. ती मला सोडवेनात. तुझ्या हातात तेवढंही नव्हतं, हे मला कळत होतं. कळत होतं आणि तरी मी जात होतो. आता तू म्हणशील तर मी खेद वाटतो म्हणतो. पण म्हटलं की ते वाक्य होतं, आणि वाक्यं मला फार चांगली म्हणता येतात. तुला ते चालणार नाही.”

“नाही चालणार.”

“मग काय करू, सांग.”

संजय कपाळ चोळत बसला. छप्पन्न वर्षांचा माणूस, डोक्यावर निम्मे केस पांढरे. जे बोलायचं होतं ते त्यानं बार्बेक्यूला अतुलला सांगितलं नव्हतं, नीनालाही कधी सांगितलं नव्हतं.

“मला मार पडला याचा राग नाहीये,” तो म्हणाला. “म्हणजे आहे, पण तो गेला असता. तुम्ही टीव्हीवर लागलात की मला कळायचं, उद्या बसमध्ये काय होणार ते. आई स्वयंपाकघरात, आणि मी एकटा समोर. आणि मी हसायचो, आप्पा. तोंडात उशी कोंबून हसायचो, पोट दुखेपर्यंत. तो माणूस टाय शोधायला लागला की मला श्वास घेता यायचा नाही. उद्या मार खायचाय हे ठाऊक असून मी हसायचो. तुम्ही भिकार असतात तर मला सोपं गेलं असतं. मी तुमचा द्वेष करून मोकळा झालो असतो. एवढं चांगलं का करत होतात?”

त्यानं रागानंच नाक पुसलं.

शशिकांत आपल्या मुलाकडे बघत राहिले. असल्या क्षणी काय करायचं याची शंभर उत्तरं त्यांना ठाऊक होती. त्यातलं एकही त्यांनी वापरलं नाही.

“बोल,” ते म्हणाले. “अजून बोल.”